मानमोडीवर झाडपाल्याचे औषध : संगणक काय शोधतो?



परसातल्या दहा-वीस कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईची हक्काची पुंजी. मुलांच्या वह्या, ऐनवेळचे औषधपाणी त्यातूनच भागते. मानमोडी आली की ही पुंजी आठवड्याभरात नाहीशी होते. मग आपण विचारता, "साहेब, हळद, तुळस, कडुनिंब यांतून यावर औषध का निघत नाही?" प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञही त्या वाटेने शोध घेत आहेत आणि त्यासाठी संगणक वापरत आहेत. त्यातून आपल्या हाती काय येते, ते पाहू.

रोगाचे मूळ

या रोगाची नोंद १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाली. लवकरच आपल्या देशात तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला. म्हणून त्याला राणीखेत असेही म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेची प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. एक कोंबडीच्या पेशीवरील साखरेचा कण पकडते. दुसरे विषाणूला पेशीत शिरायला वाट करून देते. जिवाणूंवरची औषधे इथे चालत नाहीत, ती यासाठीच.

संगणकाची चाळणी

साखर पकडणाऱ्या प्रथिनाची नेमकी घडण २००० साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्यात एक खाच आहे. ती खाच दुसऱ्या एखाद्या पदार्थाने बुजवली तर विषाणूला पेशी पकडता येणार नाही, असा हा विचार आहे. आता पदार्थ शोधायचा कुठे? चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये १७४२ भारतीय औषधी वनस्पतींतील ९५९६ घटकांची सूची प्रसिद्ध केली. संगणक असा एकेक घटक त्या खाचेत उलटसुलट बसवून पाहतो आणि तो किती घट्ट बसेल याचे गुण देतो. जुन्या कुलपाला जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी, तसेच हे. हजारो घटकांतून पाच-पंचवीस निवडून निघतात आणि प्रयोगशाळेचा वेळ व पैसा वाचतो.

चाळणीनंतरची वाट

पण गुण म्हणजे अंदाज, औषध नव्हे. निवडलेला घटक आधी पेशींवर व फलित अंड्यांत तपासावा लागतो, मग पिलांवर. तो विषारी नाही ना, पोटात टिकतो का, अंड्या-मांसात उतरतो का, खर्च परवडेल का, हे सारे पाहावे लागते. बहुतेक घटक इथेच गळतात. हळदीतले कर्क्युमिन घ्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून खाद्यात हळद घातली की विषाणू मेला, असे समजू नका. या वाटेने मानमोडीवर मान्यताप्राप्त औषध अजून आलेले नाही.

तोवर आपण काय करावे?

१. पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकावा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा द्यावा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी.

२. लस बर्फात आणावी, उन्हात ठेवू नये. कालवल्यावर दोन तासांत संपवावी. एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात. म्हणून शेजारणींनी मिळून एकाच दिवशी लस द्यावी.

३. लस निरोगी कोंबड्यांनाच द्यावी. आजार शिरल्यावर ती कोंबडी वाचवत नाही.

४. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

५. मान वाकडी होणे, हिरवी हगवण, पंख लोंबणे, तोंड उघडून श्वास घेणे ही लक्षणे दिसली किंवा मर सुरू झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. बर्ड फ्लूही असाच दिसतो. आजारी पक्षी विकू नये, कापू नये. मेलेला पक्षी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

संगणकाचा शोध चालू राहू द्या. उद्या त्यातून चांगले निघाले तर आपल्यालाच हवे आहे. पण खुराड्यात आज पिले असतील, तर त्यांच्या लसीची तारीख आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.