समुद्राशी बोलणारा कुठे उभा असतो?

समुद्रावरच्या कवितेचं रसग्रहण करायला सांगितलं की आपल्याकडे उत्तर तयारच असतं. समुद्र म्हणजे अथांगतेचं प्रतीक, लाटा म्हणजे सुखदुःखं, किनारा म्हणजे विसावा, आणि चेतनगुणोक्ती ओळखल्याबद्दल एक गुण. गाइडातून शिकलेली ही रीत पुढे समीक्षेतही बिनदिक्कत वावरते. ती कुठल्याही कवितेला चिकटवता येते, म्हणूनच एखाद्या कवितेबद्दल तिला काही सांगता येत नाही. समुद्राची कविता हाती आली की मी आधी दोन गोष्टी पाहतो. बोलणारा कुठे उभा आहे? आणि तो समुद्राशी बोलतोय की समुद्राबद्दल? आशय, सूर आणि अलंकार यांची गाठ बहुतेक वेळा तिथेच सुटते.

महाराष्ट्राला शाळेच्या भूगोलात शिकवली जाणारी ७२० किलोमीटरची किनारपट्टी आहे, पण मराठीतली गाजलेली समुद्रकविता बरीचशी घाटावरच्या माणसांची. तिची सुरुवातच पाहा. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात, प्रवरेकाठी सांगितली गेली. संतांच्या रचनांत समुद्र दोन तऱ्हांनी येतो आणि त्या तऱ्हा एकमेकींच्या उलट्या आहेत. भवसागर तरून जायचा असतो, त्यात बुडणं म्हणजे सर्वनाश. ब्रह्माच्या सागरात मात्र नदीसारखं बुडून जाणं हेच साध्य. प्रतिमा एक, पण ती तीरावरून पाहिली की भय आणि आतून पाहिली की शांती. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला समुद्राची उपमा आहे. गीतेच्या श्लोकात साऱ्या नद्यांचं पाणी येऊन मिळतं तरी समुद्र अचल राहतो, एवढंच आहे. ज्ञानेश्वर पुढे उन्हाळा जोडतात: नद्या आटून गेल्या तरी समुद्र उणा होत नाही. ही भर मला अवर्षणाच्या मुलखातल्या माणसाची वाटते. ज्याने कोरडं पात्र पाहिलं आहे, त्यालाच न आटणाऱ्या पाण्याचं एवढं अप्रूप.

आधुनिक काळात आलो की पहिला थांबा सावरकरांच्या ‘सागरा प्राण तळमळला’ या कवितेचा, आणि तिथे जरा रेंगाळायला हवं. १९०९, इंग्लंडमधलं ब्रायटन. थोरले बंधू बाबाराव यांना त्याच वर्षी जन्मठेपेची शिक्षा झालेली, मदनलाल धिंग्रा ऑगस्टमध्ये फाशी गेलेले. मार्सेलिसची उडी पुढच्या वर्षीची, अंदमान त्यानंतरचं. हे सांगायचं कारण असं की आपण त्या पुढच्या घटना या कवितेत ओतून ती वाचतो. कवितेतला माणूस अजून कोठडीत नाही. तो परक्या किनाऱ्यावर उभा आहे, आणि त्याच्या व मायभूमीच्या मध्ये जे पसरलं आहे त्यालाच जाब विचारतो आहे. म्हणजे समुद्र इथे आरोपी आहे. परत आणून सोडीन असा शब्द देऊन त्याने नेलं आणि शब्द मोडला, हा आरोप.

पिंजऱ्यातला पोपट आणि पाशात सापडलेला हरिण या उपमा परंपरेतल्या, त्या काळच्या कुठल्याही कवीला सुचल्या असत्या. कवितेचं खरं कसब शेवटी दिसतं. लाटेवरचा फेस कवीला फेस वाटतच नाही, ते समुद्राचं निर्दय हसू ठरतं. डोळ्यांसमोरची वस्तू नाकारून तिच्या जागी दुसरी मांडायची, हे अपन्हुतीचं चोख उदाहरण. पण अलंकाराचं नाव लिहून थांबलो तर पुढचा डाव हुकतो. हसणारा समुद्र इंग्लंडला घाबरतो असा टोमणा लगेच येतो, कारण त्याची मालकी ते राष्ट्र मिरवत असतं. मग येतो अगस्ती, ज्याने एका आचमनात हा समुद्र पिऊन टाकला होता. आरमाराच्या जोरावर जग राखणाऱ्या साम्राज्यासमोर कवी ओंजळभर पाण्याचा ऋषी उभा करतो. पुराणकथेला इतकं धारदार राजकीय काम मराठी कवितेत क्वचितच मिळालं असेल.

आता सूर. तो आर्जवातून तक्रारीत, तक्रारीतून उपरोधात आणि तिथून थेट धमकीत जातो. तरीही कुणालाही विचारा, उत्तर येतं: व्याकुळ. याचा थोडा दोष हृदयनाथ मंगेशकरांच्या अप्रतिम चालीला द्यावा लागेल. त्या चालीने तळमळ मनावर इतकी ठसवली की शेवटचा दम कानावरून निघून जातो. कविता एकदा चाल विसरून, नुसती मोठ्याने वाचून पाहावी.

कुसुमाग्रजांचं ‘कोलंबसाचे गर्वगीत’ १९४२ सालच्या ‘विशाखा’तलं. इथे बोलणारा वादळात सापडलेल्या गलबतावर आहे, आणि तो कवी नव्हे, कोलंबस आहे. ही नाट्यमय भूमिका ध्यानात ठेवली नाही तर कवितेचा चढा आवाज नुसता आरडाओरडा वाटू शकतो. कवितेची सगळी कळ एका उलटापालटीत आहे. माणसाच्या ध्येयाला समुद्राची उपमा देण्याची वहिवाट. कुसुमाग्रज ती मोडतात. समुद्राला किनारा आहे, माणसाच्या आशेला नाही, म्हणून समुद्रच बापडा. उपमानापेक्षा उपमेय सरस ठरवणारा हा व्यतिरेक. बेचाळीसच्या वाचकाने त्यात स्वातंत्र्याची हाक ऐकली असणार. आजच्या वाचकाला मात्र कोलंबस उतरला त्या बेटांवरच्या लोकांचं पुढे काय झालं तेही ठाऊक असतं. शीर्षकात ‘गर्व’ आहे, हे आज बरंच वाटतं.

या दोघांच्या गर्जनेनंतर मर्ढेकर वाचले की कान मोकळे होतात. माघातल्या पहाटेचं मुंबई बंदर त्यांच्या कवितेत न्हाऊन आलेल्या गर्भवतीच्या सोज्वळपणाने उजळतं. मर्ढेकर समुद्राशी एक शब्दही बोलत नाहीत. त्यांची नजर बंदरावर, धक्क्यावर, गवळ्यांच्या कावडींवर फिरते. घरं अंधाराच्या उशीवरून डोकी उचलतात. पक्षी लाटांतून सूर्य टिपतात. सूर्य एकच, पण हलत्या पाण्यात त्याचे तुकडे होतात आणि पक्ष्याच्या चोचीला तो दाण्यासारखा अनेक होऊन मिळतो. ही प्रतिमा कल्पनेची भरारी म्हणून सोडून देऊ नये, ते अचूक निरीक्षण आहे. गंज चढलेल्या, रंगीबेरंगी बोटी अजून साखरझोपेत. यंत्राला आणि लोखंडाला एवढ्या मायेने झोपवणारा कवी त्याआधी मराठीत नव्हता, असं म्हणायचं धाडस मी करतो. ज्या मर्ढेकरांना आपण वैफल्याचे कवी म्हणून कप्पाबंद केलं, त्यांचाच हा कोवळा सूर.

योगायोग म्हणा किंवा काही, बा. भ. बोरकरही गर्भवतीच्याच प्रतिमेपाशी पोचतात. ‘समुद्र बिलोरी ऐना’ या कवितेत समुद्र आरसा होतो आणि सृष्टीला पाचवा महिना लागलेला असतो. सातव्यातलं डोहाळजेवण अजून लांब, पाचव्यात नुकतं अंगावर दिसू लागतं. आरसा का, ते इथे उमगतं: अशा बाईला आरशात स्वतःला निरखावंसं वाटतं. मर्ढेकरांच्या गर्भवतीत शहराचा धूर मिसळला आहे, बोरकरांची सृष्टी निखळ लाडात आली आहे. बोरीसारख्या जुवारीकाठच्या गावातल्या माणसाला समुद्राला आव्हान देण्याची गरजच वाटली नसावी. तो घरातला. घरच्या माणसाला कुणी ‘हे सागरा’ अशी हाक मारत नाही.

राहिले ते रोज होडी लोटणारे. ‘मी डोलकर दर्याचा राजा’ हे गीत कोळीवाड्यातूनच आलं असावं इतकं तिथे रुळलं आहे. ते शान्ता शेळके यांचं, आणि त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे पुन्हा घाटावरचाच. चाल हृदयनाथांचीच. शेळक्यांनी बोलीचा लहेजा उचलला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोलणाऱ्याची जागा बदलली. तो होडीत आहे आणि त्याला समुद्राच्या विशालतेचं काही नवल नाही.

तरी ‘राजा’ या रूपकाकडे जरा कामाच्या बाजूने पाहावं. डोल हे पिशवीसारखं लांबलचक जाळं. मुंबई-पालघरच्या पट्ट्यात बोंबलासाठी ते खास वापरलं जातं. ते ओढत न्यायचं नसतं. खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपसूक आत येऊ द्यायची. पाणी फिरायच्या आत ते उचलायचं. उधाणाच्या दिवसांत ओढ जबर, भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं आणि जाळं हलकं राहतं. म्हणजे हा राजा वेळापत्रकासाठी चंद्रावर अवलंबून, आणि नारळी पौर्णिमेला याच दर्याला नारळ अर्पण करणारा. गीतातली मिजास त्यामुळे खोटी ठरत नाही. ती मालकाची नाही, नातं जुळलेल्या माणसाची आहे, आणि तिच्यातला खट्याळपणा चालीइतकाच शब्दांतही आहे.

कोस्टल रोडने मुंबईचा किनारा बदलला, वाढवणला मोठं बंदर येऊ घातलं आहे, जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येतं. तरी दिवाळी अंकांतल्या कवितांच्या पानांवर आजही समुद्र बहुधा अथांगच असतो आणि कवी बहुधा कठड्यावर बसलेला. भांगाच्या पाण्यात डोल उचलणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेली कविता मला छापील पानावर अधिक वाचायची आहे, मग ती प्रमाण मराठीत नसली तरी हरकत नाही.