नाव आपलं, पत्ता दुसऱ्याच्या हातात

दादरला ट्रेडमार्कचं काम करायला लागून मला वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी सावंतवाडीकडच्या एक ताई आल्या होत्या. कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी करतात. सोबत नऊ बायका कामाला. पिशवीतून आगळाची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. लेबलवर मुलीनं काढलेलं रातांब्याचं चित्र, खाली नाव. "हे नाव आपलंच राहायला हवं," म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी ट्रेडमार्क अर्जाचा टीएम-ए फॉर्म आणि साडेचार हजार फी भरली. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलाय का हे विचारायचं राहून गेलं.

बाराव्या दिवशी मुलीचा फोन आला. त्या नावाचं डॉट कॉम आणि डॉट इन, दोन्ही कुणीतरी घेतलेलं. सोबत ईमेल: पन्नास हजार द्या आणि घेऊन जा.

मला हा योगायोग वाटत नाही. अर्ज नोंदला की नाव, वर्ग आणि अर्जदाराचा तपशील ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर कुणालाही दिसतो. पुढे दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये तो छापला जातो. हे उघडं असायलाच हवं, नाहीतर ज्याला हरकत घ्यायची त्याला कळणार कसं? पण नावं अडवून बसणाऱ्यांना तीच यादी आयती मिळते. यालाच सायबरस्क्वॉटिंग म्हणतात.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. खातं वाणिज्य मंत्रालयाचं. डॉट इनचा कारभार 'निक्सी' या संस्थेकडे, ती इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाखाली. एका खिडकीवर नावाची महिनोन्महिने छाननी होते, दुसरीवर तेच नाव पाच मिनिटांत विकलं जातं, जो आधी येईल त्याला. त्यात आणखी एक गुंता आहे. ट्रेडमार्कमध्ये माल आणि सेवांचे पंचेचाळीस वर्ग आहेत, त्यामुळे एकच नाव साबणवाला आणि पंपवाला दोघंही प्रामाणिकपणे वापरू शकतात. डॉट कॉम मात्र एकालाच मिळतं. म्हणून 'ट्रेडमार्क नसेल तर डोमेन देऊ नका' असा सरसकट नियम करता येत नाही.

ट्रेडमार्कला झुकतं माप दिलं तर काय होतं, हा धडा युरोपला महागात मिळाला. २००५च्या डिसेंबरात डॉट ईयू सुरू झालं, तेव्हा ट्रेडमार्कधारकांना पहिला मान होता. एका ऑस्ट्रियन कंपनीनं 'रायफेन' हा साधा जर्मन शब्द घेतला. अर्थ टायर. त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या मागे-पुढे & हे चिन्ह घातलं आणि स्वीडनमध्ये तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला, तोही सीटबेल्टसाठी! डोमेन मागताना चिन्हं गाळायची मुभा होती. ती वापरून 'रायफेन डॉट ईयू' हाती आलं. असे तेहतीस शब्द त्यांनी नोंदवले होते. ट्रेडमार्क न वापरता फक्त डोमेन मिळवण्याचा हा हेतू अप्रामाणिक ठरू शकतो, असं लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं २०१०मध्ये सांगितलं.

पुढे स्पेनच्या अलिकांतेमधलं युरोपीय ट्रेडमार्क कार्यालय आणि डॉट ईयूची रजिस्ट्री यांनी हातमिळवणी केली. मे २०१९पासून अर्जदारानं होकार दिला, की त्याच्या नावाशी तंतोतंत जुळणारं डॉट ईयू कुणी घेताच त्याला सूचना जाते. अर्ज अजून मंजूर नसला तरी. कुणाचा हक्क हिरावला जात नाही, एवढंच की मालकाला वेळेवर कळतं. मला हीच व्यवस्था सगळ्यात शहाणी वाटते.

आपल्याकडे नंतर भांडायची सोय आहे. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 'रेडिफ'च्या स्पेलिंगमधलं 'ई' बदलून 'ए' केलेलं डोमेन रोखलं होतं. डॉट इनसाठी निक्सीचे लवाद आहेत, डॉट कॉमसाठी जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, 'वायपो'. पण वायपोची किमान फी दीड हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. पन्नास हजारांची मागणी कशी ठरते, हे यावरून कळावं. शिवाय ताईंचा ट्रेडमार्क अजून अर्जावरच होता आणि विक्री एका हंगामाची; नाव आपलं असल्याचा पुरावा तोकडा पडला असता.

आम्ही पैसे दिले नाहीत. २०१४पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतं, त्यात मराठीही आहे. ताईंचं नाव तिथं मोकळं होतं. आता लेबलवर रातांब्याखाली तोच पत्ता छापलाय.

अँटॉप हिल आणि निक्सी या दोघांना माझी कळकळीची विनंती आहे: टीएम-ए फॉर्ममध्येच डॉट इन आणि डॉट भारत मोकळं आहे का हे दाखवा, आणि अर्जदाराला युरोपसारखी सूचना पाठवा. दोन्ही भारत सरकारच्याच अखत्यारीत आहेत. आणि लोणची-पापडांपासून ॲपपर्यंत काहीही सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आधी डोमेन घ्या, वर्षाला काही शे रुपयांत येतं. त्यानंतरच माझ्यासारख्या एजंटकडे या.