स्वमग्न प्रौढ आणि माणसांतलं शिकणं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्न मुलांबद्दल आता थोडंफार बोललं जातं. तीच मुलं मोठी होतात, नोकरी करतात, संसार थाटतात. या प्रौढांबद्दल मात्र ऐकीव समजुतीच जास्त आहेत.

गैरसमज : त्यांना माणसं नकोच असतात, मग ते माणसांकडून शिकणार काय?

वस्तुस्थिती : गोंगाट किंवा एकाच वेळी चाललेली पाचसहा जणांची बोलणी सहन न होणं वेगळं आणि माणसं नकोशी वाटणं वेगळं. अनेक स्वमग्न प्रौढांना मैत्रीची ओढ असते. शांत जागी, एकाच माणसाशी, आवडीच्या विषयावर बोलता आलं तर त्यांना शिकणं सोपं जातं.

गैरसमज : संवाद फसतो तो त्यांच्यामुळेच.

वस्तुस्थिती : स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. एडिनबर्ग विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवली. फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीइतकीच टिकली. दोघांच्या मिश्र साखळीत जास्त तपशील गळाले. २०२५ मध्ये ३११ जणांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळती दिसली नाही, तिन्ही प्रकार सारखेच ठरले. स्वमग्न माणसं एकमेकांना माहिती देण्याघेण्यात कमी पडतात, असं मात्र दोन्ही वेळा आढळलं नाही.

गैरसमज : नजरेला नजर देत नाही, म्हणजे लक्ष नाही.

वस्तुस्थिती : अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात, की समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं ठरवलं तर शब्द निसटतात. खाली पाहणारा माणूस कदाचित सगळ्यांत नीट ऐकत असतो.

गैरसमज : चारचौघांसारखं वागता आलं, की शिकणं पूर्ण झालं.

वस्तुस्थिती : कधी हसायचं ते पाठ करणं, हातांची हालचाल दाबून ठेवणं, हा मुखवटा आहे. तो सतत वागवण्याचा संबंध थकवा, चिंता आणि नैराश्य यांच्याशी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याला न समजलेली गोष्ट न घाबरता विचारता येणं, हे खरं शिकणं.

त्यासाठी समोरच्यानेही थोडं बदलायला हवं. ‘जमलं तर बघ’ म्हणताना मनात ‘आजच हवं’ असेल, तर ‘आज पाचपर्यंत हवं’ असं सांगा. महत्त्वाची सूचना लिहून द्या. उत्तराला वेळ लागला तर थांबा. चूक झाली तर नेमकी कोणती ते सांगा, टोमणा मारू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना गरजेनुसार सोयी द्याव्यात, असंही तो सांगतो. पण स्पष्ट बोलायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या कचेरीत, आपल्या घरात ती सुरुवात आजच करा.