'नाटक करू नकोस!'

मूल खोटे रडू लागले की आई म्हणते, "नाटक करू नकोस!" कोणी आजाराचे निमित्त सांगून काम टाळले, तर शेजारी म्हणतात, "सोंग आहे सारे!" गोड बोलून फसविणाऱ्यास आपण 'नाटकी' म्हणतो. रंगभूमीचे किती शब्द आपण रोज उच्चारतो आणि त्यांतील कित्येकांना खोटेपणाचा डाग कसा लावून ठेविला आहे, याचा विचार आमच्या वाचकांनी कधी केला आहे काय?

हे केवळ मराठीतच घडले असे नव्हे. शुभवर्तमानात प्रभू येशू ढोंग्यांची कानउघाडणी करतो, तेथे मूळ ग्रीक शब्द 'हिपोक्रितेस' हा आहे. ग्रीक रंगभूमीवर नटाला हेच नाव होते. पण तेथे दोष दिला आहे तो प्रार्थनेत व दानधर्मात सोंग आणणाऱ्यास, रंगमंचावरील नटास नव्हे. हा भेद आपण विसरतो आणि नाटकाची हौस असलेल्या मुलामुलींस उगाच बोल लावतो.

नाटकाचे शब्दच नीट पाहावेत. नाटकातील व्यक्तीला आपण 'पात्र' म्हणतो आणि भांड्यालाही 'पात्र'च म्हणतो. भांड्यात जे ओतले ते त्याने न सांडता धरावे. नटानेही आपला अहंकार बाजूला ठेवून दुसऱ्याचे सुखदुःख तसेच धरावे. 'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मल्लांच्या आखाड्यालाही आपण तालीमच म्हणतो, कारण दोन्हीकडे घाम गाळावा लागतो. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला त्याच्या भाषणांची हाताने उतरून काढलेली प्रत मिळे, तिला 'नक्कल' म्हणत. नक्कल पाठ नसेल तर रंगमंचावर उभे राहणे कठीण!

काही शब्दांचे दैव मात्र फिरले. 'नांदी' म्हणजे नाटकारंभीचे मंगलगान. आज आपण 'संकटाची नांदी' म्हणतो. 'सूत्रधार' म्हणजे खेळाची सूत्रे हाती धरणारा; आज वर्तमानपत्रांत तो चोरीच्या कटाचा सूत्रधार होऊन बसला आहे! १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधाराचा मान केवढा होता! पदे तोच गाई आणि मग पात्रे आपली भाषणे ऐन वेळी स्वतःच रचून बोलत. पुढे १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. ते नाटक मराठीत आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हे आमच्या सीमेवरील वाचकांस अभिमानाने सांगावेसे वाटते.

गोव्याच्या वाचकांस आणखी एक शब्द परिचित आहे, तो 'तियात्र'. पोर्तुगीज 'तेआत्रो' या शब्दापासून तो आला. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकासिन्यो रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' हा पहिला तियात्र सादर केला. घर सोडून पोटासाठी मुंबईस आलेल्या गोवेकरांना तेथे आपली कोकणी भाषा ऐकावयास मिळाली. प्रवेशांच्या मध्ये गायिल्या जाणाऱ्या 'कांतारां'तून समाजाच्या दोषांवर टीका होते आणि श्रोते तीवर टाळ्या वाजवितात. सोंगाच्या आडून सत्य सांगण्याची ही रीत नव्हे काय?

शेवटी 'नेपथ्य'. संस्कृत नाटकांत हा शब्द पडद्यामागील, वेश करण्याच्या जागेसाठी येतो. मराठीत आज तो देखाव्याच्या मांडणीसाठी वापरतात. दोन्ही अर्थी ते काम टाळ्या न मिळणाऱ्यांचे. पडदा ओढणारा, विंगेत उभा राहून विसरलेले वाक्य पुरविणारा प्रॉम्प्टर, दिवे सांभाळणारा, यांची ओळख प्रेक्षकांस नसते, तरी त्यांच्यावाचून खेळ उभा राहत नाही.

तेव्हा गावच्या सणाला मुले नाटक बसवू लागली तर वडीलधाऱ्यांनी त्यांस नावे ठेवू नयेत. वेळेवर येणे, पाठांतर करणे आणि दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे या गोष्टी तालमीत शिकता येतात. घरातील लबाडीला खुशाल लबाडी म्हणावे. तिच्यासाठी नाटकाचे नाव कशाला खराब करावे?