गाळाने जपलेले पुरावे

बंगळूरच्या लालबागेत ज्या खडकावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे, तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. त्यात जीवाश्म शोधणे व्यर्थ होय. हा पट्टिताश्म भूगर्भात प्रचंड उष्णतेने व दाबाने घडला आणि त्या काळी पृथ्वीवर प्राणी अवतरलेच नव्हते. प्राण्यांचे अवशेष टिकण्यास गाळाचा खडक लागतो. देह गाळात त्वरित पुरला गेला, तर हाडांत खनिजे झिरपून त्यांचा दगड बनू शकतो.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे असे खडक आहेत. तेथे डायनोसॉरांच्या हाडांबरोबरच अश्मीभूत विष्ठाही सापडते. बहुधा महाकाय शाकाहारी डायनोसॉरांच्या असलेल्या या विष्ठेत वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरांच्या अस्तानंतर उदयास आले, अशी तोपर्यंत सर्वसाधारण समजूत होती. ती या कणांनी खोटी ठरविली. हाडांवरून प्राण्याची आकृती कळते. परंतु त्याने काय खाल्ले आणि त्याच्याभोवती कोणत्या वनस्पती उगवत होत्या, हे अशा क्षुद्र वाटणाऱ्या अवशेषांमुळे समजते.