हातचा किती राखावा?

इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात दिलेली वासवी शक्ती कर्णाने अर्जुनासाठी जपून ठेवली होती. ती एकदाच वापरता येणार होती. युद्धाच्या चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडविली, तेव्हा ती त्याच्यावर सोडणे कर्णास भाग पडले आणि अर्जुन वाचला. अस्त्र किती प्रभावी, यापेक्षा ते केव्हा खर्चावे हा प्रश्न अधिक अवघड असतो. नेमका हाच प्रश्न एका बैठ्या खेळाचा प्राण होऊन बसला आहे. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. घरातील मुले मित्रांसह तासन् तास टेबलाभोवती बसून काय करतात, असे कुतूहल ज्या पालकांस वाटते, त्यांच्यासाठी आम्ही त्याची थोडी ओळख करून देत आहोत.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होऊन कथा चालवितो; बाकीचे गडी योद्धा, मांत्रिक अशा एकेका पात्राची भूमिका घेतात; आणि धाडसाचे यशापयश फासे ठरवितात. यातील मंत्रांची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकावरून घेतलेली आहे. तेथील मांत्रिक मंत्र पाठ करून ठेवतो आणि तो उच्चारताच स्मृतीतून पुसला जातो. मूळ नियमांप्रमाणे पहिल्या पायरीवरील मांत्रिकास दिवसाकाठी एकच मंत्र मिळे. योद्ध्याच्या तलवारीस मात्र अशी मर्यादा नव्हती.

वरवर पाहता हा तराजू समतोल वाटतो. एकाजवळ क्वचित वापरावयाचे मोठे सामर्थ्य, तर दुसऱ्याजवळ सदैव चालणारे साधे सामर्थ्य. परंतु हा तोल दिवस लांबला तरच टिकतो. गडी मोठे हुशार! पहिल्याच चकमकीत सारे मंत्र उधळावेत, मग दार लावून झोपावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे, अशी युक्ती त्यांनी लवकरच शोधून काढली. खेळाडूंच्या बोलीत याला ‘पाच मिनिटांचा दिवस’ म्हणतात. असे झाले की प्रत्येक लढाई मांत्रिकच जिंकतो आणि योद्ध्याची भूमिका घेतलेला गडी नुसता बघत बसतो. चार मित्रांच्या बैठकीत एकाला आपण नसलो तरी चालले असते असे वाटू लागणे, हे त्या खेळाचे खरे अपयश होय.

यावर रचनाकारांनी निरनिराळे उपाय योजिले. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत सर्वच पात्रांस तीन प्रकारची सामर्थ्ये दिली: हवी तेव्हा वापरावयाची, प्रत्येक चकमकीत एकदा वापरावयाची आणि दिवसातून एकदाच वापरावयाची. योद्धा व मांत्रिक एका पंक्तीस बसले खरे. पण लढाया फार लांबतात अशी तक्रारही पुष्कळांनी केली. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने निदान एक तासाची छोटी व आठ तासांची दीर्घ अशा दोन विश्रांती ठरविल्या आणि दीर्घ विश्रांतीचा लाभ चोवीस तासांत एकदाच घेता येईल असा निर्बंध घातला. एका दिवसात सहा ते आठ मध्यम वा कठीण चकमकी पेलाव्यात, असा अंदाजही सूत्रधाराच्या ग्रंथात दिला होता. प्रत्यक्ष बैठकीत मात्र एका संध्याकाळी इतक्या चकमकी उरकणे कठीणच.

आम्हांस अधिक मार्मिक वाटला तो २०१३ साली आलेल्या ‘थर्टीन्थ एज’ या खेळाचा उपाय. रॉब हाइन्सू व जोनाथन ट्वीट हे त्याचे रचनाकार. लढाईच्या दुसऱ्या फेरीत टेबलाच्या मध्यभागी सहा बाजूंचा एक फासा एकावर ठेवावयाचा व पुढे दर फेरीस एकाने वाढवीत सहापर्यंत न्यावयाचा. त्यावरील आकडा नायकांच्या प्रत्येक हल्ल्यात मिळविला जातो. त्यामुळे मोठा वार आरंभीच न करता तो थोडा राखून ठेवण्यात लाभ दिसतो, आणि लढाई रेंगाळण्याऐवजी चढत जाऊन संपते. शिवाय पुरती विश्रांती साधारणतः चार लढायांनंतरच मिळते. त्याआधी हवी असल्यास कथेत काहीतरी गमवावे लागते.

आमच्या मते सारे मर्म या शेवटच्या अटीत आहे. विश्रांती फुकट असेल, तर मर्यादित शक्तीची मर्यादा केवळ कागदावर राहते. यासाठी जाडजूड नियमांची गरज नाही. बंदिवानाला पहाटे सुळी देणार आहेत, नदीचे पाणी चढत आहे, शत्रूला वर्दी पोहोचली आहे, असे काही सूत्रधाराने सांगावे. मग झोपावयाचे की नाही हे गडीच ठरवितील. आणि जो कंजूष गडी कथा संपली तरी आपला मंत्र गाठीशीच बांधून बसतो, त्यासही त्या बंदिवानाची आठवण करून द्यावी. उधळपट्टीने साथीदार दुबळा होतो, तसा तो कृपणतेनेही होतो. हातचा राखावयाचा तो कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणूनच, एवढे मुलांना खेळता खेळता उमगले, तर त्या टेबलाभोवतीची संध्याकाळ वाया गेली असे आम्ही तरी म्हणणार नाही.