जुना गेम अडकतोय? ईदी ग्राफिक कार्डात घालण्याआधी सेटिंग बघा

ईदच्या सुट्टीत घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं कव्हर निघतं. शीरखुर्मा झाला, गाठीभेटी झाल्या, की मामूची आणि खालाची मुलं त्याच्याभोवती गोळा होतात आणि कुणीतरी 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड' लावतं. पहिली रेस बरी जाते. मग पोलीस मागे लागतात आणि चित्र झटके खायला लागतं. गाडी वळते आहे की नाही तेच कळत नाही, थेट भिंतीवर जाऊन आदळते. मुलांचा निकाल तयारच असतो: "अब्बू, ग्राफिक कार्ड पाहिजे!" ईदी मोजली जाते, कमी पडलेले पैसे अब्बूंनी घालायचे असतात.

थोडं थांबा. हा गेम नोव्हेंबर २००५ मध्ये आला. त्या वेळी कंपनीने सांगितलेली किमान गरज होती १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी अनेक घरांत ऑफिसमधून निघालेले जुने कोअर आय-थ्री कॉम्प्युटर आले. ते या गरजेच्या कितीतरी पुढे आहेत. तरी गेम अडकतो, कारण सगळी सेटिंग 'हाय' वर असतात. मुलांना वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. त्यातली काही खरंच डोळ्यांना दिसतात, काही फक्त मशीनला घाम फोडतात. कोणती कशातली, हे कळलं तर बहुतेक घरांत पैसे वाचतात.

आधी 'स्मूथ' म्हणजे काय ते बघू. गेम म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर प्रत्येक चित्र काढायला मशीनला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० दाखवायची, तर ३३.३. डोळ्याला त्रास होतो तो चित्रं कमी असण्यापेक्षा ती असमान येण्याचा. एक चित्र १५ मिलिसेकंदात, पुढचं ७० मध्ये, मग परत १५ मध्ये आलं, तर सरासरी आकडा चांगला दिसतो आणि हाताला मात्र झटका बसतो. म्हणून सतत ४० मिळणं हे ७० आणि २० मध्ये उड्या मारण्यापेक्षा बरं. मुलं आकड्याच्या मागे लागतात, तुम्ही झटक्याकडे बघा.

आता रोग ओळखायचा. यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून घाई करू नका. गेम कधी अडकतो ते वहीत लिहून काढा.

रिकाम्या रस्त्यावरही सुरुवातीपासून सगळं जड चालत असेल, तर भार ग्राफिकवर आहे. रेस ठीक चालते पण हीट लेव्हल वाढून पाच-सहा पोलीसगाड्या मागे लागल्या की अडकतं, तर बहुधा प्रोसेसर दमतो. प्रत्येक गाडीने कुठे वळायचं, कुठे अडवायचं, धडक बसली तर काय उडायचं, हा सगळा हिशेब तोच करतो. नव्या भागात शिरताना एकदाच मोठा झटका बसतो आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकतो, तर हार्ड डिस्क हळू आहे किंवा रॅम भरली आहे. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग हळूहळू बिघडत असेल, तर मशीन तापतंय. तिथे सेटिंगचा फारसा दोष नाही.

पहिल्या दोन प्रकारांत गोंधळ होत असेल तर सोपी परीक्षा आहे. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली, ६४० बाय ४८० वर आणा. चित्र भुरकट होईल, होऊ द्या. आता तीच रेस तशीच खेळा. गेम लगेच हलका झाला तर ग्राफिक अडत होतं. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर अडतोय, आणि अशा वेळी नवं ग्राफिक कार्ड आणूनही फरक पडणार नाही. पाच मिनिटांच्या या परीक्षेने ईदी वाचू शकते. सेकंदाला किती चित्रं येताहेत तो आकडा बघायचा असेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचं बटण आणि 'जी' एकत्र दाबा, गेम बार उघडतो, त्यात परफॉर्मन्सची खिडकी असते.

भार ग्राफिकवर असेल तर काय काय कमी करायचं? माझा क्रम असा आहे.

सगळ्यात आधी 'फुल स्क्रीन अँटी-अलायसिंग' बंद. हे सेटिंग रेषांच्या कडेचे दात घासून गुळगुळीत करतं, पण त्यासाठी मशीनला कडांचा जास्त बारीक हिशेब ठेवावा लागतो. ताशी दोनशेच्या वेगाने गाडी पळताना विजेच्या तारेची कड कुणी बघत नाही.

मग प्रतिबिंबं. या गेमचं खरं ओझं इथे आहे. गाडीच्या पत्र्यावर आकाश, झाडं, इमारती चमकताना दिसतात ना? ते दाखवायला मशीन गाडीच्या भोवतालचं दृश्य पुन्हा वेगळं काढतं. ते किती वेळा नव्याने काढायचं हे 'कार रिफ्लेक्शन अपडेट रेट' ठरवतं. ते कमी केलं तर गाडी चमकायची थांबत नाही, फक्त चमक थोडी मागे राहते. खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ओल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबासाठी 'रोड रिफ्लेक्शन डिटेल' आहे, तेही खाली आणा. ही दोन आणि अँटी-अलायसिंग मिळून बऱ्याच मशीनवर काम होऊन जातं.

त्यानंतर सावल्या, म्हणजे 'शॅडो डिटेल', आणि 'मोशन ब्लर'. मोशन ब्लर तर मी चांगल्या मशीनवरही बंदच ठेवतो, वेगात रस्ता पुसट करून काय मिळतं? 'व्हिज्युअल ट्रीटमेंट' मुळे या गेमला ती ओळखीची पिवळसर छटा येते. ती कमी केली की गेम वेगळा वाटतो, मुलं कुरकुर करतील. ते शेवटी ठेवा.

'टेक्स्चर फिल्टरिंग' मात्र उगाच शून्यावर नेऊ नका. दूरचा रस्ता आणि त्यावरचे पट्टे यामुळेच स्पष्ट दिसतात आणि त्यामानाने भार थोडा असतो. 'वर्ल्ड डिटेल' एकदम खाली नेलं तर रॉकपोर्ट शहर ओसाड दिसतं, मधे ठेवा.

एवढं करूनही जड वाटलं तर रिझोल्यूशनला हात लावा. १२८० बाय १०२४ म्हणजे १३ लाखांवर ठिपके. १०२४ बाय ७६८ म्हणजे ८ लाखांहून थोडे कमी. एका पायरीत चाळीस टक्के काम कमी होतं. हा गेम चौकोनी मॉनिटरच्या काळातला आहे, त्याच्या यादीत आजचं रुंद १९२० बाय १०८० येत नाही. रुंद स्क्रीनवर गाड्या पसरट दिसत असतील, तर मॉनिटरच्या किंवा इंटेलच्या ग्राफिक सेटिंगमध्ये 'मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण गाडी गाडीसारखी दिसेल. इंटरनेटवरून वाइडस्क्रीनचा फिक्स आणून गेम पूर्ण रुंद करता येतो, पण मग साडेवीस लाखांवर ठिपके रंगवावे लागतात. जुन्या मशीनवर त्या हौसेची किंमत मोजावी लागते.

'व्ही-सिंक' बद्दल मुलांची भांडणं होतात. ते चालू केलं की चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसणं थांबतं. पण मॉनिटर ६० चा असेल आणि मशीनला ५५ च झेपत असतील, तर जुन्या गेममध्ये आकडा थेट ३० वर आदळू शकतो. म्हणून आधी बाकी सगळं कमी करा, आकडा ६० च्या वर स्थिर राहिला तरच व्ही-सिंक चालू करा. नाही राहिला तर बंद.

भार प्रोसेसरवर निघाला, तर वरचं फार उपयोगी नाही. 'वर्ल्ड इफेक्ट्स', 'पार्टिकल सिस्टम' आणि पाऊस कमी करून बघा, थोडी मदत होते. त्यापेक्षा जास्त मदत होते ती मागे काय चालू आहे ते बघून. टास्क मॅनेजर उघडा. क्रोमच्या वीस टॅब, अपडेट, अँटीव्हायरसचं स्कॅन, असं काही ना काही सापडतंच. पेनड्राइव्हवरून कुणाकडून आणलेली क्रॅक कॉपी असेल तर जास्त लक्ष द्या. अशा कॉपीसोबत आलेला व्हायरस गुपचूप प्रोसेसर खात बसतो. दुसऱ्याचा हक्क मारून फुकट घेण्याचा सवाल आहेच, तो घरातल्या मोठ्यांनी मुलांशी बोलावा.

विंडोजची दोन-तीन कामंही करून टाका. पॉवर ऑप्शनमध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर तो स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक चिप असतील तर डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स' मध्ये जाऊन गेमची फाइल, म्हणजे स्पीड डॉट ईएक्सई, जोडा आणि तिला 'हाय परफॉर्मन्स' द्या. कित्येक घरांत चांगली चिप झोपलेली असते आणि साधी चिप राबत असते.

तापण्याचा इलाज स्क्रीनवर नाही, कॅबिनेटमध्ये आहे. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाच्या गल्लीत घर असेल तर कापसाची बारीक रुई पंख्यात आणि हीटसिंकमध्ये अक्षरशः गादीसारखी बसते. वायर काढा, कॅबिनेट उघडा, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने साफ करा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडू झाली असेल तर दुकानदाराकडून नवी लावून घ्या. मे महिन्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

सेटिंगमध्ये आहातच तर ऑडिओही बघा. गाण्यांचा आवाज वेगळा शून्यावर नेता येतो, इंजिनचा आणि टायरचा आवाज तसाच राहतो. ज्या घरात दादीजानना गाणी चालत नाहीत तिथे भांडण मिटतं. आणि हा गेम किशोरवयीन मुलांसाठी ठरवलेला आहे, पोलिसांच्या गाड्या ठोकण्यावरच चालतो. लहानग्यांना देताना विचार करा.

सगळं करूनही अडलं आणि खर्च करायचाच ठरला, तर आधी रॅम बघा. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक हे मुख्य रॅमच वापरतं. चार जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावल्यावर दोन्ही एकत्र काम करतात आणि ग्राफिकलाही वेग मिळतो. जुनी डीडीआर-थ्री पट्टी कार्डापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि मुलांच्या अभ्यासालाही उपयोगी येते.

कार्डच घ्यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाण्याआधी कॅबिनेटचा फोटो काढून न्या. ऑफिसच्या बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, 'लो प्रोफाइल' मागावं लागतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि अशा मशीनच्या पॉवर सप्लायला बहुतेक वेळा कार्डासाठी वेगळी वायर नसते. म्हणून वेगळी वायर लागणारं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. बसतं की नाही, चालतं की नाही, हे दुकानातच लावून बघा आणि परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.